सहीवाचून अडलेली गोळी

थायरॉइडच्या गोळ्या संपत आल्या म्हणून क्लिनिकला फोन केला. उत्तर आलं, नर्स प्रॅक्टिशनरबाईंचा, म्हणजे जादा शिकून पेशंट तपासणाऱ्या नर्सबाईंचा, ज्या डॉक्टरांशी करार होता ते निवृत्त झाले. दुसरे मिळेपर्यंत चिठ्ठी मिळणार नाही. चार वर्षं मला तपासणाऱ्या बाई तिथंच बसलेल्या. माझा थायरॉइडचा आकडा, टीएसएच, त्यांना तोंडपाठ. निवृत्त झालेल्या डॉक्टरांचं तोंडही मी कधी पाहिलं नव्हतं!

टेक्सासचा कायदाच तसा आहे. नर्स प्रॅक्टिशनरला औषध लिहायचं तर डॉक्टरशी लेखी करार हवा. डॉक्टर त्या इमारतीत नसला तरी चालतो. एका डॉक्टरला असे करार सात जणांपर्यंत करता येतात, आणि काही जण त्याचे दरमहा पैसेही घेतात. आमच्या एल पासो शहराला लागूनच न्यू मेक्सिको राज्य, तिथं 1993 पासून ही अट नाही. आपल्याकडं कर्नाटक हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडला की पेट्रोल स्वस्त, तशी इथं हद्द ओलांडली की तेवढंच शिकलेली बाई एकदम शहाणी होते.

आईला सांगितलं तर ती तिसऱ्याच गोष्टीवर अडकली. "म्हणजे इतकी वर्षं तू नर्सकडनं औषध घेतीयास?" राजारामपुरीतल्या मेडिकलवाल्याला रिकामी स्ट्रिप दाखवून बीपीच्या गोळ्या आणणारी माझी आई!

मावशी मात्र फोनवर खो-खो हसली. राधानगरी तालुक्यात सिस्टर म्हणून तिची हयात गेली. "रात्रीत दोन-दोन बाळंतपणं केली, तवा कुणी सही मागितली न्हाई. साहेब सकाळी यायचे, केसपेपरवर सही करायचे, च्या घ्यायचे." काम तिचं, नाव साहेबांचं. तिचं हे वाक्य मला अमेरिकेत येऊन नीट कळलं, हे कबूल करायला जरा लाजच वाटते.

ही सहीची अट हवीच, हे डॉक्टरांचं म्हणणंही अगदी हवेतलं नाही. इथल्या एमडीच्या पदवीनंतर रेसिडेन्सीची, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाची, किमान तीन वर्षं घासायची आणि मग दोघांची चिठ्ठी सारखीच म्हणायची, हे कुणालाही टोचेल. आपल्याकडं 2019 साली वैद्यकीय आयोगाच्या कायद्यातल्या 32व्या कलमानं डॉक्टर नसलेल्यांना मर्यादित औषधं लिहायची वाट उघडली, तेव्हा डॉक्टर संपावर गेलेच की. पण गंमत बघा, 1965 साली कोलोरॅडोत नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण सुरू केलं ते एका नर्सनं आणि एका बालरोगतज्ज्ञानं मिळून.

आणि खरं सांगू? लेकीला ताप चढला होता तेव्हा मीही "डॉक्टरच हवेत" म्हणून अडून बसले होते. ते बाईंना अजून सांगितलेलं नाही.

गुरुवारी हद्दीपलीकडची वेळ मिळालीय, तिथंही नर्स प्रॅक्टिशनरच आहेत. आईनं शेजारी सांगून टाकलंय, पोरीला मोठ्या डॉक्टरीणबाई मिळाल्यात. मी काही दुरुस्त करायला गेले नाही.