खाजणकाठच्या इमारती आणि फिरवून घडवलेले पाईल

गोव्यात मांडवी-झुआरीच्या काठी इमारत बांधायची म्हटली की खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीच्या, मातीशी गाठ पडतेच. वर भरावाची जांभ्याची माती, तिच्याखाली भरतीच्या खाऱ्या पाण्याने भिजलेला मऊ चिखल आणि बऱ्याच खोलीवर भार पेलणारा थर, अशा जागी आपल्याकडे सवयीने बोअर पाईलच, म्हणजे जमिनीत भोक पाडून त्यात काँक्रीट ओतून केलेले पायाचे खोल खांबच, निवडले जातात. माझे मत असे की, अशा मातीत कारखान्यात तयार झालेल्या उच्च शक्तीच्या पूर्वप्रतिबलित (आतल्या सळ्या ताणून काँक्रीट आधीच दाबून ठेवलेल्या) पाईलचा विचार आधी व्हावा.

बोअर पाईलचे काँक्रीट जमिनीखाली, बोअरची भिंत सावरून धरणाऱ्या बेंटोनाईट मातीच्या गढूळ द्रवात ओतले जाते. बोअरची भिंत कुठे ढासळली, तळाशी किती गाळ राहिला, हे प्रत्यक्ष कोणी पाहू शकत नाही. पूर्वप्रतिबलित पाईल मात्र साच्यात ताणलेल्या पोलादी सळ्यांभोवती काँक्रीट भरून, साचा वेगाने गरगर फिरवून घडवतात. त्या फिरण्याने काँक्रीट साच्याच्या भिंतीवर दाबले जाते, जादा पाणी आतल्या पोकळीत निघून येते आणि भिंत अतिशय घट्ट होते. नंतर काँक्रीट पक्के होण्यासाठी वाफेचे क्युरिंग होते, आणि पुष्कळ कारखान्यांत सुमारे १८० अंश सेल्सिअस तापमान व १० वातावरणे दाब असलेल्या ऑटोक्लेव्हमध्येही (वाफेच्या बंद दाबपात्रात) पाईल ठेवतात. अशा काँक्रीटची शक्ती ८० मेगापास्कल किंवा अधिक असते. आपल्या साध्या इमारतींत २५ ते ३० मेगापास्कलचे काँक्रीट चालते. पोकळीमुळे वजनही वाचते: ६०० मिलिमीटर व्यासाचा, १०० मिलिमीटर भिंतीचा, १२ मीटर लांब पाईल सुमारे ४.७ टनांचा भरतो, तर तेवढाच भरीव पाईल साडेआठ टनांच्या घरात जातो.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पूर्वताण, म्हणजे ताणलेल्या सळ्यांनी काँक्रीटवर आधीच आणलेला दाब. पाईल जमिनीत ठोकताना हातोड्याचा घाव बसला की दाबाची लाट पाईलमधून खाली जाते, आणि टोकाशी मऊ चिखल असेल तर ती ताणाची लाट होऊन परत फिरते. साध्या आरसीसी पाईलला आडव्या भेगा पडतात त्या इथेच, आणि भेगेतून खारे पाणी सळईपर्यंत पोहोचले की गंज ठरलेलाच. ताणलेल्या सळ्या काँक्रीटला साधारण ४ ते १० मेगापास्कल इतके आधीच दाबून धरत असल्यामुळे त्या ताणाचा मोठा भाग तिथेच खर्ची पडतो आणि भेग पडण्याची वेळ सहसा येत नाही.

हातोड्याऐवजी हायड्रॉलिक जॅकने दाबून बसवले, तर जुन्या पोर्तुगीजकालीन घरांच्या शेजारी धक्के आणि आवाज टळतात, शिवाय प्रत्येक पाईल किती भाराला थांबला तेही मशीनवर दिसते. मात्र ते मशीन अवजड असल्याने चिखलावर आधी भक्कम भराव घालावा लागतो, लांब पाईलचा ट्रेलर आपल्या वाड्यांतल्या वळणांवर अडतो आणि मध्येच जांभ्याचा कठीण थर लागला तर पाईल पुढे सरकत नाही. पठारावरच्या जागेत, जिथे जांभा वरच लागतो, तिथे तर हा खर्च करूच नये.

दोन पाईल जोडतात ती पोलादी कडी मात्र खाऱ्या मातीत सर्वांत नाजूक ठरते. वेल्डिंग पूर्ण परिघावर झाले आहे का ते पाहावे, ते निवल्यावरच सांधा चिखलात उतरवावा, आणि कडीला गंजरोधक लेप आहे की नाही हे ठेकेदाराच्या शब्दावर न सोडता स्वतः तपासावे. पाईलचा वर उरलेला माथा तोडतानाही घणाने ठोकून फोडण्याऐवजी करवतीने कापून घ्यावा आणि पाईल कॅपशी (पाईलच्या माथ्यांवरच्या काँक्रीटच्या ठोकळ्याशी) सांधण्यासाठी आतल्या पोकळीत सळ्यांचा पिंजरा बसवून काँक्रीट भरावे.