हेडफोनचं भोक म्हणजे तिसरा आऊटपुट नव्हे

आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावून लाईव्ह कार्यक्रम करायचा तर लॅपटॉप, केबल, सॉफ्टवेअर हे सगळं जमून जातं. आमचं घोडं अडलं ते ऑडिओ इंटरफेसपाशी, म्हणजे लॅपटॉपचा आवाज बाहेर मिक्सरकडं काढून देणाऱ्या खोक्यापाशी.

गरज साधी होती. व्हायोलिन, ब्रास आणि कोरस ट्रॅकवर, बाकी सगळे वाजवणारे स्टेजवर. ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे ताल धरायची टक-टक हवी आणि ती लोकांना अजिबात ऐकू जाता कामा नये. कोल्हापुरातल्या एका दुकानात मी हे अगदी ह्याच शब्दांत सांगितलं. काउंटरवरच्या माणसानं खोका पुढं सरकवला. “मागं दोन आऊटपुट, पुढं हेडफोनचं भोक. झालं की तीन! ड्रमरला तितनं द्या.”

तालमीला जोडलं, तर क्लिक थेट स्पीकरमधून टक-टक-टक. गायिका म्हणाली, “भिंतीत कोण खिळा ठोकतंय का?”

दोन आऊटपुटच्या बहुतेक इंटरफेसमध्ये मागच्या १ आणि २ ला जे जातं तेच हेडफोनला जातं. तो वेगळा रस्ता नसतोच. हे मी दुकानात जाऊन सांगितलं, तर “सॉफ्टवेअरमधनं करायचं असतंय, साहेब.” करून दाखवा म्हटलं, तर करणारा माणूस जेवायला गेलेला. तो आल्यावर त्यानं दहा मिनिटं माऊस फिरवला आणि मान हलवली, “ह्यात नाही होत.” मग बदलून द्या! तर सील फुटलंय. सील फोडल्याशिवाय क्लिक कुठनं वाजते हे कळणार कसं, याचं उत्तर त्या काउंटरवर आजही कुणाकडं नाही.

त्याच खोक्यावर शेवटी असं भागवलं: सगळा ट्रॅक मोनो करून पूर्ण डावीकडं, क्लिक पूर्ण उजवीकडं. मिक्सरला फक्त १ नंबरची केबल, २ नंबर मोकळा. ड्रमर हेडफोन लावतो, त्याच्या एका कानात गाणं, दुसऱ्यात क्लिक. लॉनवर स्टिरिओ ऐकायला बसतंय कोण? तरी स्टिरिओ हवाच असेल, तर चार आऊटपुटचा घ्या. स्कारलेट ४आय४ किंवा बेरिंगरचा यूएमसी४०४एचडी, दोन्हींत क्लिकला ३ नंबर वेगळा मिळतो.

फाईल वेव्हच (WAV) ठेवा. ट्रॅक आणि क्लिकच्या वेगवेगळ्या एमपीथ्री केल्या, तर सुरुवातीला बारीकशी शांतता घुसते आणि दोन्ही पुढंमागं होऊ शकतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हापासून आमचे बरेच कार्यक्रम लॉनवर, जनरेटरवर. तिथं लॅपटॉपचा चार्जर लावला की ‘घूंऽऽ’ सुरू. साउंडवाला म्हणणार तुमचा लॅपटॉप खराब. चार्जर काढल्यावर आवाज थांबला, तर समजा अर्थिंगचा लूप आहे, म्हणजे लॅपटॉप आणि साउंड दोन वाटांनी अर्थला जोडलेत. इंटरफेस आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल जोडायची छोटी डबी) घाला आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. चार्जरची अर्थची पिन तोडायचे उद्योग मात्र करू नका, शॉक बसेल.

हां, सॅम्पल रेट राहिला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने. ४४.१ ची फाईल ४८ वर पळाली, तर सूर जवळजवळ दीड पट्टी वर चढतो. कार्यक्रमाआधी एक गाणं पेटीशी ताडून बघा.