तुम्ही विचारलंत म्हणून: "बाई, याला एडीएचडी असेल का हो?"

पहिली-दुसरीच्या पालकसभेत हा प्रश्न आता हमखास येतो. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलपणाचा विकार. एका जागी बसत नाही, पुस्तक समोर ठेवलं की लक्ष उडतं, सारखी चुळबुळ. इन्स्टावर कुठलं तरी रील बघितलेलं असतं आणि त्यातली सगळी लक्षणं आपल्याच पोरात दिसायला लागलेली असतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे आहे की नाही ते मी सांगणार नाही, पण मी उलट विचारते की रात्री झोपतो कसा? आणि बऱ्याचदा उत्तर येतं, "झोपेचं काही टेन्शन नाही हो, मस्त घोरत पडतो बाबांसारखा."

तिथेच माझे कान टवकारतात.

सर्दीत चार दिवस घोरला तर ठीक, पण सर्दी नसताना रोज घोरणारं मूल गाढ झोपलंय असं समजू नका. साधारण दोन ते आठ वर्षांच्या वयात टॉन्सिल आणि नाकामागचे अ‍ॅडिनॉइड (टॉन्सिलसारख्याच गाठी) घशाच्या मानाने मोठेच असतात, ते आणखी सुजले की झोपेत हवा जायला जागा उरत नाही, मग श्वास अडकतो, मेंदू पोराला अर्धवट जागं करतो, श्वास सुरू होतो, परत झोप, परत अडकतो, असं रात्रभर. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही आणि घरच्यांच्या हिशेबात तो नऊ तास झोपलेला असतो. हा स्लीप अ‍ॅप्निया, 100 मुलांत साधारण 1 ते 5 जणांना असतो.

मोठ्या माणसाची झोप झाली नाही की तो पेंगतो. लहान पोरं मात्र जास्तच उड्या मारतात, चिडतात, मारामारी करतात, म्हणून झोपेची शंका कुणाला येतच नाही, सगळे म्हणतात द्वाड आहे. माझ्या वर्गात असाच एक होता. तोंड कायम उघडं, डोळ्यांखाली काळं, श्रुतलेखनात तिसऱ्या शब्दाला स्वारी खिडकीबाहेर, आणि डबा संपवायला सगळ्यात शेवटचा, कारण तोंडाने श्वास घेणार की घास चावणार? आईला म्हटलं रात्री व्हिडिओ काढा. त्यात मान मागे टाकलेली, घोरणं चालू, मग एकदम आवाज बंद, छाती मात्र जोरात हलतेय, आणि दचकल्यासारखा मोठा श्वास. आजी म्हणाल्या, उशी रोज घामाने भिजते, आम्हाला वाटायचं उकडतंय.

डॉक्टरांनी त्याचे टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड काढले, त्या ऑपरेशननंतर त्याची मारामारी बरीच कमी झाली, गणित होतं तिथेच राहिलं. याचं मला नवल वाटलं नाही. 2013 मध्ये अमेरिकेतल्या 464 मुलांचा अभ्यास छापून आला, त्यातही टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड काढलेल्या मुलांचं वागणं सुधारलं पण लक्ष मोजायच्या परीक्षेत म्हणावा असा फरक पडला नाही, आणि ऑपरेशन न करता थांबलेल्यांपैकी 46 टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी आपोआप नॉर्मल आली. तेव्हा घोरतो म्हणून लगेच कापाकापी असं नाही, ते कान-नाक-घसावाले ठरवतील.

काही घरांत घोरणं वगैरे काही नसतं, झोपच कमी असते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास लागतात. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं, चांगलंच केलं, पण बाबा दहाला घरी येणार, मग जेवण, मग मोबाईल, मग सकाळी मिळालेला तास रात्रीच खर्च होतो, त्याला सरकार काय करणार! आणि कुणी रोज रात्री "पाय कसेतरी होतात, दाबून दे" म्हणत असेल तर त्याला नाटक म्हणू नका, डॉक्टरांना सांगून रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, बघून घ्या, लोह कमी असलं तरी असं होतं.

एवढं करूनही एडीएचडी निघू शकतो, अशा बऱ्याच मुलांची झोप मुळातच बिघडलेली असते. मग त्याचे उपचार घ्यायचे, लाजायचं काय त्यात.

व्हिडिओ काढणार असाल तर पहाटेचा काढा. लहान मुलांचा श्वास स्वप्नांच्या झोपेत जास्त अडकतो आणि ती झोप पहाटेकडे जास्त असते. बनियन वर करून छाती-पोट दिसू द्या, आणि तेवढी दोन मिनिटं पंखा बंद ठेवा, नाहीतर डॉक्टरांना पंख्याचीच घरघर ऐकू येते.