धुराची वाट आधी, स्टोव्ह नंतर

आमचं घर रांगेतलं आहे. डावी-उजवी भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, पुढचं दार थेट रस्त्यावर आणि मागे चौक. चौक म्हणजे चार घरांच्या पाठी जिथे एकमेकींसमोर येतात ती उभी पोकळी. मी टेप लावून मोजली, २.३ मीटर रुंद आहे. तिच्यात एकूण सात खिडक्या उघडतात. त्यातली एक आमच्या शेजारच्या आजींच्या झोपायच्या खोलीची, आणि आजींना दमा आहे. पेलेट स्टोव्ह, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या छोट्या गोळ्या जाळून खोली तापवणारी शेगडी, घ्यायचं ठरवलं तेव्हा या खिडकीचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. नंतर मात्र सगळी निवड तिच्याभोवतीच झाली.

बाबा आमच्याकडे राहायला आले आणि तळमजल्यावरची खोली त्यांची झाली. तिथे थंडीत संध्याकाळी १४ अंशांच्या वर पारा जायचा नाही. बाबा दोन मोजे घालून बसायचे आणि तक्रार करायचे नाहीत, तेच मला जास्त लागायचं.

एक गोष्ट आधीच सांगते. ज्यांच्याकडे बाहेरचं युनिट ठेवायला जागा आहे त्यांनी आधी हीट पंपाचा, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब विजेने खेचून आत आणणाऱ्या यंत्राचा, विचार करावा. दाट वस्तीत काहीही न जाळता ऊब मिळत असेल तर त्याहून चांगलं काही नाही. आमच्याकडे पुढे रस्ता, मागे हा चौक आणि छत उतरतं. चौकात युनिट लावायला चारपैकी दोन घरांनी आवाजाच्या भीतीने नकार दिला, आणि त्यांचं म्हणणं मला पटलं. म्हणून पेलेट.

दुकानातल्या माणसाने घर पाहून पाच मिनिटांत उपाय सांगितला : मागच्या भिंतीला भोक, ८० मिमीचा पाइप चौकात, वर एक कोपर, झालं काम. पेलेट स्टोव्हमध्ये धूर बाहेर ढकलायला पंखा असतो, त्यामुळे लाकडाच्या शेगडीसारखी उंच चिमणी लागत नाही, असं तो म्हणाला. यंत्रापुरतं ते खरंही आहे. पण धूर पाइपातून सुटल्यावर कुठे जातो, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

उत्तर दोन दिवसांनी सापडलं. सकाळी सव्वासहाला चौकाकडचा दिवा लावला तर समोरच्या घराच्या बॉयलरची वाफ दिसली. वारा अजिबात नव्हता. वाफ पाइपातून निघाली, हातभर वर गेली, थंड झाली आणि पहिल्या मजल्याच्या खिडक्यांपाशी चादरीसारखी पसरून थांबली. मी चहा संपेपर्यंत बघत होते, ती हलली नाही. आजींची खिडकी बोटभर उघडी होती. त्या ती रोज तशीच ठेवतात.

पेलेटचा धूर लाकडाच्या धुराच्या मानाने फारच कमी असतो. ज्योत नीट लागली की पाइपाच्या तोंडाशी काही दिसतही नाही. पण पेटताना पहिली दहाएक मिनिटं पांढरट धूर येतो, विझतानाही थोडा येतो, आणि न दिसणारे बारीक कण तर सगळा वेळ असतातच. मोकळ्या जागी ते उडून जातात. आमच्या चौकात ते आजींच्या उशाशी गेले असते. मी दुकानात फोन करून चौकाचा बेत रद्द केला.

मग उरला एकच रस्ता, वरचा. खोलीत फळी मारून बंद केलेली जुनी शेकोटी होती. चिमणी साफ करणाऱ्या कारागिराला बोलावलं. त्याने लांब दांडीला कॅमेरा लावून आत सोडला आणि आम्ही दोघं छोट्या पडद्यावर बघत बसलो. काजळी, पक्ष्याचं वाळलेलं घरटं, मग एक वळण, आणि वळणाच्या वर साधारण मीटरभरावर एक काळा चौकोन. कारागिराने कॅमेरा थांबवला. तिथली वीट पडलेली होती. रांगेतल्या घरांमध्ये बऱ्याचदा दोन घरांची धुराडी एकाच खांबात शेजारी-शेजारी असतात आणि मध्ये फक्त एका विटेची भिंत असते. आमच्या धुराड्यातला धूर त्या भोकातून सरळ आजींच्या बाजूला गेला असता. "आतून अखंड स्टीलचा पाइप सोडल्याशिवाय इथे काडीसुद्धा पेटवायची नाही," तो म्हणाला. दुकानदारापेक्षा या माणसाच्या अर्ध्या तासाने मला जास्त शिकवलं. माझं आता ठाम मत आहे की दाट वस्तीत स्टोव्ह बघायला जायच्या आधी धुराडं बघणारा माणूस घरी आणावा.

पाइप पावणेनऊ मीटर लांब झाला. एवढ्या लांबीला आणि वळणाला ८० मिमी अपुरा पडतो, पंख्यावर ताण येतो, म्हणून १०० मिमी घेतला. पेलेटचा धूर तुलनेने थंड असतो. लांब पाइपात तो आणखी थंड होतो आणि आतल्या पाण्याच्या वाफेचे थेंब होतात. ते राखेत मिसळले की स्टील खातात. त्यामुळे पाइपाभोवती उष्णतारोधक आवरण घातलं आणि अगदी खाली टी आकाराचा जोड बसवला. त्याचं झाकण काढलं की राख आणि पाणी दोन्ही काढता येतात. खांब सामाईक असल्याने आजींची लेखी संमती घेतली, इमारत परवानगीचे कागद केले, घराच्या विमेवाल्यांना कळवलं.

आता स्टोव्ह केवढा? दुकानात सगळे मोठाच घ्या म्हणत होते, १० किलोवॉट. मला ते पटेना. सर्वांत थंड आठवड्यात मी त्या खोलीत दोन विजेचे हीटर लावले, थर्मोस्टॅट २० अंशांवर ठेवला आणि दर तासाला मीटर लिहून ठेवला. खोली आणि जिन्यातून वर जाणारी ऊब धरून तासाला ३ युनिटच्या आसपास वीज लागली. म्हणजे ३ किलोवॉटची गरज, तीही सर्वांत वाईट दिवशी. १० किलोवॉटचा स्टोव्ह अशा खोलीत कायम सर्वांत मंद आचेवर धुमसत राहतो नाही तर सारखा बंद-चालू होतो. धुमसला की काच काळी पडते आणि धुराड्यात काजळी धरते, बंद-चालू झाला की दर वेळी तो पेटतानाचा पांढरा धूर. मी ६ किलोवॉटचा घेतला. तो २.२ पर्यंत खाली येतो, म्हणून एकदा पेटला की संध्याकाळभर न विझता चालतो. खरेदी करताना मोठ्या आकड्याऐवजी हा खालचा आकडा विचारा. माहितीपत्रकात तो बऱ्याचदा शेवटी कुठेतरी असतो.

हवेचं एक प्रकरण आहे, ते थोडक्यात. जळायला हवा लागते, आणि आमच्या नव्या खिडक्या घट्ट बसतात. त्यात स्वयंपाकघरातला धूर खेचणारा पंखा लावला की तो खोलीतली हवा ओढतो आणि स्टोव्हच्या पंख्याशी त्याची झटापट होते. म्हणून बाहेरून स्वतःची हवा घेणारा, बंद बांधणीचा स्टोव्ह निवडला. चौकाकडच्या भिंतीतून ५० मिमीचा पाइप आला आहे, तोंडाशी जाळी. त्यातून हवा फक्त आत येते.

बसवायला दोन माणसं आली, दिवसभर काम केलं, पेटवून दाखवलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "पेटताना जरा वास येतो गं, मग जातो." मला येत नव्हता. बाबांचं नाक मला ठाऊक आहे, म्हणून मी रात्री सगळे दिवे मालवले, स्टोव्ह विझवून पुन्हा लावला आणि पाइपाच्या प्रत्येक जोडापाशी टॉर्चचा झोत आडवा धरून बसले. आधी ऑगर, म्हणजे पेलेट पुढे सारणारा स्क्रू, कुरकुरला. मग पेलेट जळायच्या भांड्यात पडायला लागले, टक्, टक् टक्. पेटवणारी कांडी लाल झाली. चार मिनिटं काही नाही. पाचव्या मिनिटाला टीच्या जोडातून दोऱ्याएवढा धूर झोतात वर चढताना दिसला. सरळ, निळसर, न तुटणारा. ज्योत धरल्यावर तो नाहीसा झाला.

पंखा धूर ढकलतो म्हणजे पाइपात बाहेरच्यापेक्षा दाब जास्त असतो. साध्या चिमणीत फट असली तर हवा आत ओढली जाते, इथे धूर बाहेर येतो. म्हणून प्रत्येक जोडात सिलिकॉनची रिंग असते. टीच्या जोडातली रिंग बसवताना मुडपून चिरली होती. बसवणाऱ्यांनी येऊन ती बदलली, पण "नवीन असताना वास येतोच" हे वाक्य त्यांनी आधी दोनदा ऐकवलं. रंग तापल्याचा वास पहिले दोन-तीन वेळा येतो, हे खरं. धुराचा वास कधीच येता कामा नये. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला तर वासही नसतो, म्हणून त्याचा अलार्म स्टोव्ह यायच्या आधीच लावला होता. दुसरा जिन्याखाली, जिथे पेलेटच्या पिशव्या आहेत. नुसते साठवलेले पेलेटही हा वायू सोडतात. मोठ्या बंद कोठारांत आणि जहाजांच्या तळघरांत त्याने माणसं दगावलेली आहेत. आमच्या वीस पिशव्यांनी तसं होणार नाही, तरी जिन्याखालच्या दाराला जाळी ठेवली आहे.

आवाजाचं मला आधी सुचलं नाही. खोलीत पंख्याची घरघर सवयीची झाली. पण आठवडाभराने आजी म्हणाल्या की रात्री भिंत गुणगुणते. मी त्यांच्या खोलीत जाऊन भिंतीला कान लावला आणि खरंच, बारीक एकसुरी गुंजन. स्टोव्ह भिंतीपासून २० सेंटिमीटर दूर होता, पण पाइपाला आधार देणारा पट्टा भिंतीत घट्ट पिळलेला होता. पट्ट्याच्या आत रबर घातलं, स्टोव्हच्या पायांखाली रबराच्या चकत्या दिल्या आणि रात्री दहानंतर ऊब फेकणारा पंखा बंद ठेवायला लागले. धुराचा पंखा तेवढा चालतो. आता भिंत शांत आहे.

पेलेट म्हणजे दाबलेला भुसा. वेगळा डिंक लागत नाही, लाकडातलंच लिग्निन नावाचं द्रव्य दाबाने आणि उष्णतेने तो धरून ठेवतं. आमचे ६ मिमी जाडीचे आहेत. पिशवीवर ए-१ प्रत बघावी : ओलावा १० टक्क्यांच्या आत, राख ०.७ टक्क्यांच्या आत. म्हणजे १५ किलोच्या पिशवीमागे जेमतेम १०० ग्रॅम राख. मी एकदा स्वस्तातल्या दहा पिशव्या आणल्या. दोन दिवसांत जळायच्या भांड्यात काचेसारखा कडक खडा जमला, भोकं बुजली आणि ज्योत आळसावून पिवळी झाली. साल आणि माती मिसळलेली असली की राख वितळून असा खडा होतो. आता नवी पिशवी घेतली की एक पेलेट मोडून बघते. चांगला असेल तर कट्कन तुटतो, बोटाला पीठ लागत नाही. ओलसर जागी ठेवले तर ते फुगून पुन्हा भुसा होतात, म्हणून चौकात किंवा गच्चीवर पिशव्या ठेवू नयेत.

वीज गेली तर स्टोव्ह बंद पडतो, पण भांड्यातले निखारे बंद पडत नाहीत. आम्ही मुद्दाम एका दुपारी प्लग काढून बघितलं. उंच आणि तापलेल्या पाइपाने धूर आपणहून वर ओढला, खोलीत काही आलं नाही. चौकातल्या आखूड पाइपाचं काय झालं असतं, याचा मी तेव्हा विचार केला. तरीही एक छोटा यूपीएस घेतला आहे, शुद्ध साइन वेव्हचा, कारण मोटरला तसाच लागतो. चालताना स्टोव्ह ६०-७० वॉट घेतो, पेटताना मात्र कांडीमुळे ३००च्या वर जातो.

रोज सकाळी थंड भांडं काढून भोकं मोकळी करते, तीन मिनिटांचं काम. राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात. ती थंड दिसली तरी आत निखारा दोन दिवस लपून राहू शकतो, त्यामुळे प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही. बाबांची खोली आता २० अंशांवर असते. त्यांनी दुसरा मोजा सोडला आहे. एका संध्याकाळी आजींनी चौकातून हाक मारून विचारलं, "आज लावला नाहीस का गं?" तेव्हा स्टोव्ह तीन तास चालू होता.

थंडी सरल्यावर तोच चिमणीवाला आला. खाली कागद पसरून त्याने टीचं झाकण उघडलं. दोन मुठी राख पडली, राखाडी, कोरडी, पिठासारखी. त्याने चिमूटभर बोटांत चोळून बघितली, काळा चिकट अंश कुठे आहे का ते शोधलं, आणि नव्या रिंगवरून अंगठा फिरवून झाकण परत लावलं.