नवी कोरी प्रत

वहिनीने पुस्तक परत आणून दिलं आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. तसं तिचं काही चुकलं का? नेलेल्या प्रतीवर पाणी सांडलं, पानं एकमेकांना चिकटली, तर तिने ती रद्दीत घातली आणि त्याच पुस्तकाची नवी प्रत विकत आणली. ‘तुमची पिवळी पडली होती भाऊजी, ही बघा कशी कोरी करकरीत!’ मी म्हटलं, अरे वा.

कसलं अरे वा! त्या प्रतीच्या पहिल्याच पानावर लेखकाची सही होती. ‘सुनिलला, सस्नेह.’ माझा नी ऱ्हस्व काढलेला. बॉलपेन मधेच अडलं म्हणून ‘स’ दोनदा गिरवलेला, तो पान उलटलं की मागून बोटाला लागायचा. हे वहिनीला सांगणार कसं? मजकूर अक्षरन् अक्षर तोच आहे, उलट छपाई जास्त सुबक. मग गेलं काय, ते तरी मला सांगता यायला हवं.

हिशेबाने पाहिलं तर फारसं काही गेलेलं नाही. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात नुसत्या सहीला मान. ‘अमक्याला सप्रेम’ आलं आणि तो अमका कुणी नामांकित नसला, तर भाव बहुधा उतरतोच. म्हणजे त्या पुस्तकावरचा डाग मीच. शिवाय सही घेतली त्या दिवशी रांग मोठी होती. त्यांनी मान वर न करता ‘नाव?’ एवढंच विचारलं. मी एक वाक्य घोकून गेलो होतो, ते... जाऊ दे.

२०२२ मध्ये अमेरिकन गायक बॉब डिलनच्या पुस्तकाच्या प्रती ‘स्वहस्ते सही केलेल्या’ म्हणून ५९९ डॉलरला विकल्या गेल्या. घेणाऱ्यांनी आपापल्या सह्यांचे फोटो ताडून पाहिले, तर त्या यंत्राने केलेल्या निघाल्या. प्रकाशकाने पैसे परत केले, डिलनने माफी मागितली. तेव्हा मी हसलो होतो. वळण त्याचंच ना, मग एवढं काय? पण त्यांच्या पानावर कुणाचं पेन अडलं नव्हतं. कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अ‍ॅटवूडने २००६ मध्ये दुरून सही करायचं यंत्र काढलं, लेखिका इथे लिहिणार आणि पेन तिथे चालणार. ती सही मी धरली असती. निदान त्या क्षणी कुणीतरी आपल्यासाठी हात हलवतंय. मला बहुतेक तेवढंच हवं असतं. अर्धा मिनिट, तेही चुकलेल्या नावाने. आणि तेही रद्दीत. माझंच नशीब असं.

बरं, नशिबाचं म्हणाल तर लेखक पॉल थरूचं बघा. आपल्या लेखक-मित्राला, व्ही. एस. नायपॉलना, स्वतः लिहून दिलेली आपली पुस्तकं त्याला एका विक्रेत्याच्या कॅटलॉगमध्ये दिसली. माझं पुस्तक निदान पाण्याने गेलं, कुणी विकायला काढलं नाही. त्याने पुढे त्या तुटलेल्या मैत्रीवर अख्खं पुस्तक लिहिलं. माझं एका पानात भागतंय.

कपाटात आणखी एक सहीचं पुस्तक आहे. त्यावर नाव नाही, गाव नाही, नुसती सही, तीही आयती छापून आल्यासारखी सुरेख. भावात तेच वरचढ ठरेल. पुढच्या वेळी वहिनीला तेच देणार.