दारातला स्पीकर 80 हर्ट्झच्या खाली उतरवू नका

गाडीत कुठले स्पीकर घेऊ, असं विचारणाऱ्याच्या मोबाईलमध्ये बहुधा खोक्याचा फोटो तयारच असतो आणि त्यावर ठळक अक्षरात '350 वॅट'. तो आकडा सोडून द्या, तो पीकचा, म्हणजे क्षणभर झेपणारा. बारीक अक्षरात आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे वॅट, शोधा, खरं काय ते तिथे कळतं. हेड युनिटवर (डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टिमवर) '50 वॅट x 4' छापलेलं असलं तरी 4 ओहमच्या स्पीकरला त्यातून स्वच्छ असे 15-20 वॅटच मिळतात. म्हणजे वेगळा अ‍ॅम्प लावणार नसाल तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॅटात स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते, बघायची. 91 डेसिबलचा स्पीकर 88 वाल्याच्या निम्म्या वॅटात तेवढाच वाजतो.

माझ्या जुन्या स्विफ्टला मी साडेसहा इंची कंपोनंट सेट घेतला. जाड आवाजाचा वूफर दारात, बारीक आवाजाचा ट्विटर वेगळा, आरशाजवळच्या तिकोनात. कोअ‍ॅक्सियल (दोन्ही एकाच स्पीकरात) स्वस्त पडतो, वाईटही नसतो, पण त्याचा ट्विटर आपल्या पोटरीकडे तोंड करून बसतो आणि गाणं पायापाशी वाजतं. मागच्या दारांना हातच लावला नाही. मागे बसणारे चिरंजीव तसेही कानात बोळे घालूनच येतात.

स्वस्त सेटमध्ये क्रॉसओव्हरची, म्हणजे जाड-बारीक आवाज वाटून देणारी, डबी नसते, ट्विटरच्या वायरीत नुसता एक कॅपॅसिटर गुंडाळलेला असतो. 4.7 मायक्रोफॅरडचा असेल तर तो साधारण 8500 हर्ट्झच्या खालचा आवाज कापतो. पुण्याच्या तापकीर गल्लीतून 10 चा नॉनपोलर आणून लावलात तर आकडा 4000 वर येतो, पण उतार, म्हणजे कटच्या खाली आवाज किती झपाट्याने घटतो ते, तोच, सप्तकाला 6 डेसिबल. बारक्या ट्विटरला तो मोठ्या आवाजात झेपत नाही. माझ्या सेटच्या डबीत कॉइल आणि कॅपॅसिटर दोन्ही आहेत, 12 डेसिबलचा उतार, तीन हजारांवर कट.

खरी गंमत वूफरच्या खालच्या टोकाला. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरलात की कोनला चौपट आतबाहेर हलावं लागतं. दारातला स्पीकर 40 हर्ट्झ वाजवायला गेला की बास येत नाही, फडफड येते. म्हणून हेड युनिटमध्ये हायपास, म्हणजे खालचा आवाज अडवणारा फिल्टर, 80 वर. फिटर म्हणाला, "साहेब, बास मरेल ना!" मी ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं. हायपास बंद असताना ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला ताशा गढूळ होत होता. चालू केल्यावर टिपरूचा घाव आणि ताशाची कडकड वेगवेगळी ऐकू यायला लागली. मग तो स्वतःच आवाज वाढवत बसला.

12 डेसिबलच्या क्रॉसओव्हरमध्ये कटच्या जागी वूफर आणि ट्विटरची फेज 180 अंशांनी फिरते, म्हणजे एक बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, म्हणून ट्विटरच्या वायरी उलट्या जोडूनही ऐकावं. जळत-बिळत काही नाही. एकच गाणारा आवाज लावा, ज्या जोडणीत तो भरीव वाटेल ती ठेवा. नुसत्या गणितावर विसंबू नका, गाडीत ट्विटर आणि वूफरमध्ये हातभर अंतर असतं. टाइम अलाइनमेंट, म्हणजे सगळे आवाज कानाशी एकाच वेळी पोचवणं, मात्र गणितानेच. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. माझ्या डोक्यापासून डावा ट्विटर उजव्यापेक्षा 60 सेंटिमीटर लांब आहे, म्हणून उजव्याला 1.75 मिलिसेकंद उशीर. गायक उठून डॅशबोर्डच्या मधोमध आला.

पैसे उरले तर दारात घाला. आतल्या पत्र्याची भोकं ब्युटिलच्या चिकट शीटने बुजवा, नाहीतर वूफरच्या मागचा आवाज पुढे येऊन बास खातो. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मात्र उघडीच ठेवा. आणि स्पीकरखाली एमडीएफची (लाकडी भुश्याच्या फळीची) रिंग नको, काचेवरून आत उतरणाऱ्या पावसाच्या पाण्याने ती फुगते. प्लॅस्टिकची घ्या. काच पूर्ण खाली केल्यावर मॅग्नेटला टेकत नाही ना, हे दाराचं पॅड बसवायच्या आधी बघा.

सबवूफरचं, म्हणजे अगदी खालचा बास वाजवणाऱ्या स्पीकरचं, अजून ठरत नाहीये. पेटीने डिकी अडली तर रत्नागिरीहून आंबे कशात आणणार, असा प्रश्न घरातून आला आहे. सीटखाली मावणारा 8 इंची शोधतोय.