करंट अकाउंट आणि शॉप अ‍ॅक्टचं ‘लायसन्स’ : माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांसाठी (धातू वितळवून भाग ओतणाऱ्या कारखान्यांसाठी) मी एकट्याने एक सॉफ्टवेअर बनवलं आहे. हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या एका वितळणीचा क्रमांक, टाकला की त्या हीटमधून कुठलं कास्टिंग (ओतीव भाग) निघालं, किती रिजेक्ट झालं, हे मोबाइलवर दिसतं. कोड, सर्व्हर, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), जीएसटी, यातलं काही आडवं आलं नाही. आडवं आलं ते करंट अकाउंट, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

सेव्हिंग खात्यावर पैसे घे, असं पुष्कळजण सुचवतात. पण कारखान्याचे अकाउंटंट ते मानत नाहीत. बिल फर्मच्या नावाचं आणि खातं माणसाच्या नावाचं दिसलं की पेमेंट अडकलंच. ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या पेमेंट गेटवेलाही फर्मच्याच नावाचं खातं हवं होतं.

बँकेत उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी प्रमाणपत्र, पॅन, आधार, सगळं दिलं. काउंटरवरच्या मॅडमकडे छापील यादी होती आणि तिच्यात ‘शॉप अ‍ॅक्ट लायसन्स’ असा एक चौकोन होता. धंदा सुरू केल्याची सूचना शॉप अ‍ॅक्टखाली ऑनलाइन दिल्यावर मिळालेली पावती मी पुढे केली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली. “सर, यावर शिक्का नाही, सही नाही. ही नुसती पावती आहे. लायसन्स आणा.”

आता लायसन्स आणायचं कुठून? महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, म्हणजेच शॉप अ‍ॅक्ट, २०१७ साली नवा आला. कामगार थोडे असतील (मूळ कायद्यात दहापेक्षा कमी) तर नोंदणी प्रमाणपत्र काढायचंच नाही, कलम ७ प्रमाणे ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, एवढंच. माझ्याकडे तर एकही कामगार नाही. तरी कामगार खात्याच्या ऑफिसात जाऊन आलो. तिथल्या साहेबांनी पावती पाहिली आणि म्हणाले, “तुमचं काम झालंय की. आणखी काय देऊ?” परत बँकेत आलो तर तेच उत्तर. मॅनेजर म्हणाले, फाइल वर जाते, वरचे लोक परत पाठवतात. वरचे लोक कोण, ते कुठे बसतात, त्यांच्याशी बोलता येईल का, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. तिकडे एका कारखान्याने ऑर्डर पक्की करून खात्याचा नंबर मागितला होता आणि मी रोज ‘होतंय’ एवढंच सांगत होतो. पैसे द्यायला तयार असलेल्या गिऱ्हाइकाला थांबवून ठेवणं फार जिवावर येतं.

शेवटी रात्री बसून रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे (ग्राहकाची ओळख पटवण्याचे) निर्देश वाचून काढले. प्रोप्रायटरशिपसाठी, म्हणजे एकट्या मालकाच्या फर्मसाठी, तिथे कागदांची यादी आहे: उद्यम प्रमाणपत्र, शॉप अ‍ॅक्टचं प्रमाणपत्र, जीएसटी, आयकर विवरणपत्र, वीजबिल वगैरे. त्यातले कोणतेही दोन पुरेत. माझे दोन पहिल्याच दिवशी दिलेले होते! शॉप अ‍ॅक्टचा प्रश्नच येत नव्हता.

मग मॅनेजरच्या नावे अर्ज लिहिला. सोबत त्या पानाची आणि कलम ७ ची प्रिंट, ओळी अधोरेखित करून. अर्जात शेवटी लिहिलं : ‘वरील दोन कागदपत्रे अपुरी वाटत असल्यास, कोणत्या नियमानुसार, ते कृपया लेखी कळवावे.’ दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. पोच हवीच. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि तेव्हा हीच प्रत कामाला येते. मला तिथवर जावं लागलं नाही. लेखी नकार द्यायला कुणी तयार नव्हतं, फाइल पुन्हा वर गेली आणि तीच पावती, त्याच कागदांसह, मंजूर होऊन आली. खात्याचा नंबर कारखान्याला पाठवताना मला मनापासून अभिमान वाटला. ओळखपाळख न लावता, नियम दाखवून काम झालं होतं.

उद्यम नोंदणीला सरकार एक पैसाही घेत नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. सारख्या दिसणाऱ्या खासगी साइट्स फी मागतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, ते बघा. तिथे फर्मचं नाव जसं लिहाल, अगदी तसंच जीएसटीवर आणि बँकेच्या फॉर्मवर लिहा. एका ठिकाणी ‘सॉफ्टवेअर’ आणि दुसरीकडे ‘सॉफ्टवेअर्स’ असलं तरी फाइल परत येऊ शकते.

गेटवेचं काम त्यानंतर झटपट झालं. फक्त अर्जाआधी साइटवर रिफंड, गोपनीयता, अटी आणि संपर्क ही चारही पानं चढवून ठेवा. आणि सबस्क्रिप्शन कार्डवरून आपोआप कापून घेणार असाल तर किंमत १५,००० रुपयांच्या वर नेऊ नका. त्यापुढे प्रत्येक नूतनीकरणाला ग्राहकाला ओटीपी टाकावा लागतो. माझा मोठा प्लॅन मी याच कारणासाठी सहामाही केला.